इनिशाराची वेळ

“आज नको. उद्या जाऊ,” मार्टिन म्हणाले आणि दुखरा पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला.

“उद्या तुम्ही परवा म्हणाल,” मी म्हटलं. “तीन आठवडे हेच चाललंय. आधी पावसाचं कारण झालं, मग गाय आजारी पडली, मग बहिणीला एकटं कसं सोडू. पाय वर घ्या.”

त्यांनी घेतला नाही. मीच खाली बसले आणि पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडल्यावर जो वास आला त्यानं मला जे कळायचं ते कळलं. करंगळी काळी पडली होती आणि शेजारच्या बोटाचा रंगही बदलायला लागला होता. रक्तातली साखर आणि जुनी जखम यांचं जमलं की पुढे काय होतं ते मी वीस वेळा पाहिलं होतं. इस्पितळात मी त्यांच्यासाठी खाट धरून ठेवली होती, ती संध्याकाळी सहापर्यंतच. आज गेलो नाही तर पाय घोट्यापासून जाणार हे मला दिसत होतं. मार्टिनना ते दिसत नव्हतं, कारण त्यांना काहीच दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

ही गोष्ट दोन हजार चारच्या मे महिन्यातली. मी सरोज भिंगारदिवे, मूळची जालन्याची, तेव्हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर घरोघर जाऊन रुग्ण बघणारी नर्स होते. इनिशारा हे माझ्या हद्दीतलं शेवटचं गाव. एकोणीस घरं, एक चर्च, आणि अर्धा दिवसच बेट असलेलं बेट. ओहोटीला मधली सव्वा किलोमीटर वाळू उघडी पडायची आणि तिच्यावरून गाडी जायची. भरतीला तिथंच माणूस बुडून वर हातभर उरेल एवढं पाणी. रस्ता कळावा म्हणून वाळूत बारा दगडी खांब रोवलेले. गावातले लोक ‘वाळू उघडली’, ‘वाळू मिटली’ असंच म्हणत, दुकानाबद्दल बोलावं तसं. जालन्यात आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी यायचं नाही. पाण्याची भीती म्हणजे काय ते मला या गावानं शिकवलं.

आणखी एक गोष्ट शिकवली. त्या देशात मार्चअखेरीला सगळेजण घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरात पुन्हा मागे घेतात. इनिशारानं ते कधीच केलं नाही. गाईला कोण सांगणार आणि समुद्राला कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे उन्हाळाभर सगळ्या देशात चार वाजले की इनिशारात तीन वाजायचे. पलीकडच्या गावातले लोक थट्टा करत, वाळू ओलांडली की माणूस तासाभरानं तरुण होतो म्हणून. इनिशाराच्या लोकांना ती थट्टा आवडायची. आपलं गाव वेगळं आहे हे दाखवायला त्यांच्याकडे तसं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

या भानगडीत सगळ्यांत कडक होती मार्टिनची थोरली बहीण नोरा. वय ब्याऐंशी, अंगावर कायम निळा एप्रन. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला फोनवर सांगितलं होतं, “वाळू दहाला उघडेल गं.” मी माझ्या घड्याळात दहाला पोचले तर समोर पाणीच पाणी. तासभर गाडीत बसून राहिले. नोरा पलीकडे आपल्या दारात उभी राहून हसत होती, असं मला नंतर चौघांनी सांगितलं. तेव्हापासून नोरा जे सांगेल त्यात एक तास मिळवायचा, हे मी पक्कं केलं. भरती-ओहोटीचा छापील तक्ता आमच्या आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर होता, पण मी त्याच्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं. नोरा असताना तक्ता कशाला?

त्या दिवशी नोरा घरात नव्हती. बार्टली नावाचे नव्वदीचे शेजारी आदल्या रात्री वारले होते. तिथे माणूस गेला की त्याला दोन दिवस घरातच ठेवतात आणि सगळं गाव आळीपाळीनं त्याच्या सोबतीला बसतं. मृताला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हा नियम. अख्खं इनिशारा बार्टलींकडे जमलं होतं. मीही दुपारी दोन रुग्ण बघून तिथे जाऊन हात जोडून आले होते. त्या गर्दीत नोरा काही दिसली नाही, मागच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत असणार. घरी मात्र तिनं टेबलावर चिठ्ठी ठेवली होती.

“वाळू तीनला मिटेल. मार्टिनची पिशवी दाराशी आहे. चहा घेऊन जा.”

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दोनला दहा मिनिटं होती आणि माझ्या मनगटावर तीनला दहा. नोराचे तीन म्हणजे माझे चार. भरपूर वेळ होता. मी किटली चुलीवर ठेवली आणि मार्टिनचा पाय धुवायला घेतला.

“किती वाजले?” मार्टिननी विचारलं. त्यांच्या अंगात ताप होता, डोळे मिटलेलेच होते.

“तुमचे दोन वाजतील आता.”

“मग वाळू मिटत आली असेल.”

“तीनला मिटणार आहे. नोरानं लिहून ठेवलंय.”

“तीन?” त्यांनी मान वर केली. “नोरानं लिहिलंय?”

“तिच्याच हातचं आहे. वाचून दाखवू?”

त्यांनी मान पुन्हा टेकवली. “नोरानं लिहिलंय म्हणजे तसंच असेल,” ते म्हणाले. “आताशा मला दिवसांचाही पत्ता लागत नाही.”

पट्टी बांधली, चहा झाला, बूट घालायला नको म्हणाले, तेही झालं. निघताना मला उगीचच हुक्की आली. एवढी वर्षं या बाईच्या गावात येतेय, तिच्या वेळेची मीही कदर करते हे दिसू दे, म्हणून नोराच्या चिठ्ठीखाली मी ऐटीत लिहिलं, “अडीचला निघालो. काळजी नको. सरोज.” माझ्या घड्याळात साडेतीन झाले होते.

बाहेर धुकं उतरलं होतं. दाट नव्हतं, पण खाली उतारावर आलो तेव्हा पहिले दोनच खांब दिसत होते. वाळू ओली चमकत होती. ती नेहमीच चमकायची.

“थांब,” मार्टिन म्हणाले.

मी गाडी थांबवली.

“काच खाली कर.”

मी काच खाली केली. त्यांनी चेहरा बाहेर काढला, कुत्र्यानं काढावा तसा, आणि नाक वर करून बराच वेळ बसले.

“वाळू मिटली,” ते म्हणाले. “गाडी वळव.”

“मार्टिन, आज बहाणा नाही.”

“बहाणा नाही. पाण्याचा वास येतोय. ते आत आलंय.”

“समुद्रकाठी पाण्याचाच वास येणार. नोरानं—”

“नोरानं लिहिलं असलं तरी. वळव म्हणतो ना!”

इतका चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आणि खरं सांगते, मला त्याचा रागच आला. तीन आठवडे या माणसासाठी मी डॉक्टरांच्या मागे लागले होते, खाट अडवून ठेवण्यासाठी शब्द टाकला होता, आणि हा माणूस दारापर्यंत येऊन मुलांसारखा हट्ट धरून बसतो म्हणजे काय!

“पाय कापायची वेळ आली की नोराला मी काय सांगू?” मी म्हटलं. “तुम्ही वास घेत बसलात म्हणून सांगू?”

त्यांनी चेहरा आत घेतला आणि हात मांडीवर ठेवले. मी गाडी वाळूत घातली.

तिसरा खांब गेला, चौथा गेला. धुकं जवळ येत होतं. पाचव्या खांबापाशी चाकाखाली पाणी उडालं, पण डबकी तिथे कायमची असायची. सहाव्याला पाणी उडायचं थांबलं आणि चाकं जड फिरायला लागली. मी खाली बघितलं तर वाळू दिसत नव्हती. करडं पाणी डावीकडून उजवीकडे चाललं होतं, घाई नसल्यासारखं. मी गाडी मागे घ्यायला गेले. सातव्या खांबाच्या जरा अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मग जी शांतता झाली तिच्यात मला सगळीकडून पाण्याचा आवाज ऐकू आला.

मी किल्ली फिरवत राहिले, पाच वेळा, दहा वेळा. मोबाइलला तिथे कधीच रेंज नसायची, तरी तो बघितला. पायाला गार लागलं म्हणून वाकले तर दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं.

“मार्टिन...”

“दार उघड,” ते म्हणाले. आवाज एकदम साधा होता. “आत्ता उघडेल, मग उघडणार नाही. पुढे जायचं नाही. त्या बाजूला ओढा आहे, तो आधी भरतो. आपण मागे चालायचं.”

“मला पोहता येत नाही.”

“मलाही नाही. इथं कुणाला येतं?”

उतरलो तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला होतं. मे महिन्यातलं ते पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. मार्टिननी चांगल्या पायातला बूट काढून फेकून दिला. दुखऱ्या पायाची माझी स्वच्छ पांढरी पट्टी खाऱ्या पाण्यात गेली. दोघांनी एकमेकांना धरलं. मी मागे वळून सहावा खांब शोधायला लागले, तर खांब नव्हता. धुक्यात गाडीसुद्धा चार पावलांवर पुसट झाली होती.

“मला काही दिसत नाही,” मी ओरडले. “मार्टिन, काहीच दिसत नाही!”

“मला वीस वर्षं दिसत नाही. ओरडू नकोस. खालच्या वाळूला घड्या आहेत, तळव्याला लागतात का?”

“नाही. हो... हो, लागतात.”

“त्या किनाऱ्याला समांतर असतात. आपण त्यांना आडवं चालायचं, एकेक ओलांडत. घडीच्या लांबीनं चालत गेलीस तर समुद्रात जाशील. पाणी तुला डावीकडे ढकलेल, ढकलू द्यायचं नाही.”

आम्ही चाललो. एक घडी, दुसरी घडी. पाणी मांडीला आलं. मार्टिन अनवाणी पायानं चाचपत आणि मी त्यांच्या दंडाला लटकलेली. कुणी बघितलं असतं तर नर्स कोण आणि रुग्ण कोण ते सांगता आलं नसतं. मी मोठ्यानं ‘आमच्या बापा’ ही प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, मराठीत, लहानपणी आईनं शिकवलेली, आणि मधले शब्द विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. मला मरायचं नव्हतं. एवढंच डोक्यात होतं. मार्टिनचासुद्धा विचार नव्हता, हे आज सांगायला हरकत नाही.

पाणी कमरेला आलं तेव्हा मार्टिन थांबले.

“घड्या लागत नाहीत,” ते म्हणाले. “पाय बधिर झालाय.”

मलाही काही लागत नव्हतं. आम्ही तसेच उभे राहिलो. कुठल्या बाजूला जायचं ते दोघांनाही कळत नव्हतं आणि पाणी सारखं वर चढत होतं. मार्टिनच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर सैल व्हायला लागली होती.

तेव्हा आवाज आला. पत्र्यावर काहीतरी बडवल्याचा, वेडावाकडा, न थांबणारा आवाज.

मार्टिननी मान वळवली. “उजवीकडे,” ते म्हणाले. “आपण चुकत होतो.”

आम्ही त्या आवाजाकडे चालायला लागलो, म्हणजे पडत, उठत. आवाज मोठा झाला, त्यात माणसांच्या हाका मिसळल्या. मग धुक्यातून काळे कपडे दिसले. बार्टलींच्या सोबतीला बसलेले सगळे पुरुष अंत्यविधीच्या काळ्या सुटात, टायसकट, छातीपर्यंत पाण्यात उतरले होते. एकमेकांचे हात धरून त्यांनी साखळी केली होती आणि सगळ्यात पुढच्यानं मार्टिनची कॉलर पकडली. काठावर नोरा उभी होती. एका हातात चहाचा पत्र्याचा मोठा ट्रे, दुसऱ्या हातात डाव. आम्ही कोरड्यावर आलो तरी ती बडवतच होती. कुणीतरी तिच्या हातातून डाव काढून घेतला.

त्या अर्ध्या तासात बार्टली घरात एकटेच होते. इनिशारात असं पूर्वी कधी झालं नव्हतं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

तटरक्षकांची बोट मार्टिनना न्यायला निघाली होती. तोवर आम्ही नोराच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलो, घोंगड्यांत गुंडाळलेले. माझे दात थांबत नव्हते. नोरानं मार्टिनचा पाय पुसला, मग माझे केस पुसले. मग ती टेबलाशी गेली आणि चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

“मी कप न्यायला घरी आले,” ती म्हणाली. “हे वाचलं. अडीचला निघालो. म्हटलं छान झालं, अर्धा तास हातात ठेवून निघाले, आतापर्यंत इस्पितळाच्या वाटेला लागले असतील. मग किटली उचलली तर ती गरम. सव्वा तासापूर्वीची किटली गरम कशी राहील?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तू अडीच कुठल्या घड्याळाचे लिहिलेस?”

“तुमच्या,” मी म्हटलं. “तुमचीच चिठ्ठी होती ना, म्हणून तुमच्या वेळेनं लिहिलं. तुम्हीही तीन—”

आणि मी बोलता बोलता थांबले. नोरा खुर्चीवर बसली.

“ते तीन मी तुझ्या वेळेनं लिहिले होते,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, आज पोरगी घाईत आहे, मी समोर नाही, तिला कशाला मिळवणी करायला लावायची? एक दिवस आपणच तासभर पुढे जाऊ.”

चुलीतली लाकडं तडतडत होती.

“चूक माझी,” नोरा म्हणाली. “माझ्या हातानं मी भावाला पाण्यात घातलं.”

माझं तोंड उघडलं होतं. सांगायचं एवढंच होतं की मार्टिननी मला काठावर थांबवलं होतं, दोनदा बजावलं होतं, चिठ्ठी काहीही म्हणो, वळव म्हणाले होते, आणि मी ऐकलं नाही. एका वाक्याचं काम होतं. पण मला माझी नोकरी दिसली, परवाना दिसला, चौकशी करणारी टेबलामागची माणसं दिसली, जालन्यात माझ्या पगारावर बसलेली आई दिसली. पाण्यात घाबरले होते त्याहून मी जास्त घाबरले. मार्टिन आता बोलतील, या क्षणाला बोलतील, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

मार्टिननी चेहरा माझ्या बाजूला वळवला. त्यांना मी दिसत नव्हते, पण ते नेमके माझ्याकडे बघत होते.

“तापात मला झोप लागली होती गाडीत,” ते म्हणाले. “पायाला पाणी लागलं तेव्हा जाग आली. जागा असतो तर सांगितलं असतं.”

बोट आली. मार्टिनची दोन बोटं गेली, पाय वाचला. पुढे दोन वर्षांनी ते वारले, तोवर मी दर आठवड्याला त्यांची पट्टी बदलत होते आणि त्या दुपारचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

नोरा आणखी सात वर्षं जगली. पूर्वी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून वाळू कधी मिटेल ते सांगणारी बाई, त्या दिवसानंतर तिनं कुणालाच वेळ सांगितली नाही. विचारलं की म्हणायची, “तक्ता बघा.” शेवटच्या महिन्यात अंथरुणावर असताना तिनं एकदा आपणहूनच तो विषय काढला.

“एकदाच दुसऱ्याच्या वेळेनं लिहिलं गं,” ती म्हणाली, “आणि भाऊ बुडवत होते. चांगलं वागायला जाऊ नये माणसानं.”

मी तिची नाडी धरली होती. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले आणि ठोके मोजत असल्यासारखं दाखवून गप्प बसले.